सांधणे

श्रीदत्तजन्माचा सोहळा आपण मार्गशीर्ष पौर्णिमेला सूर्यास्ताच्या वेळी करतो. दिवस आणि रात्र भेटतात ती ही वेळ. तिला संधिकाल म्हणतात. संधी, संधान, हाडांचा सांधा हे सारे एकाच घरातले शब्द. त्याच घरातले एक क्रियापद मात्र आता क्वचितच कानावर येते, ते म्हणजे 'सांधणे'. मोडलेले लाकूड सांधत, दुवा सांधत, धनुष्याला बाण सांधत. आता आपण सरसकट 'जोडणे' म्हणतो. आणि लिहिताना टिंब राहिले की 'सांधणे'चे 'साधणे' होते! साधणाऱ्याची नजर आपल्या कामावर असते, सांधणाऱ्याची तुटल्या जागेवर.

जोडणे आणि सांधणे यांतला फरक आपल्या देवगड तालुक्यात कलमे बांधणाऱ्याला विचारावा. भेटकलम करताना रायवळाचे रोप हापूसच्या फांदीपाशी नेतात. दोन्ही नुसती दोरीने बांधली तर जवळ राहतील, पण जीव एक होणार नाही. दोघांचीही साल तासावी लागते, कापल्या जागेला कापली जागा लावून घट्ट बांधावी लागते, आणि मग धीर धरावा लागतो. एकालाच तासून कलम धरत नाही. धरल्यावरही मूळ रायवळाचेच राहते, फळ हापूसचेच येते.

घरात काय होते बघा. जमिनीवरून दोन भावांचे बिनसते. चतुर्थीला दोघे मुंबईहून येतात, एकाच आरतीला उभे राहतात. गाव म्हणतो, "जुळलं एकदाचं!" पण हे दोरीचे बांधणे झाले. मग कुणीतरी विचारतो, "चूक त्याची, तर साल मी का तासून घ्यायची?" प्रश्न रास्त आहे. ज्याने दुसऱ्याचे घेतले त्याने ते परत करावे, चूक कबूल करावी. त्याआधी नुसते 'झालं गेलं विसरा' म्हणणे म्हणजे कुजल्या फळीला नवी फळी ठोकणे. पण ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाही थोडे तासावे लागते. हक्क सोडायचा नाही. सोडायची ती 'मीच खरा होतो' हे उठता-बसता ऐकवण्याची सवय. ती राहिली तर परत मिळालेली जमीनही दोघांच्या मधेच पडून राहते.

हे न झाल्याचे फळ आपल्या विजयदुर्गाने भोगले आहे. कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले. पुढे मुलांत तंटा होऊन दौलतीची वाटणी झाली. कुलाबा मानाजींकडे, विजयदुर्ग संभाजींकडे. संभाजींनंतर विजयदुर्ग तुळाजींकडे आला. तुळाजी पेशव्यांना जुमानीनात, पेशव्यांनाही ते खपेना. शेवटी पेशव्यांनी इंग्रजांशी तह केला. तहालाही 'संधी'च म्हणतात, पण तिथे परके जोडले गेले आणि आपले सांधायचे राहिले. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाईव्ह आले, तोफा डागल्या आणि आंग्र्यांचे आरमार इथेच जळाले. पुढे बाणकोट देऊन पेशव्यांनी किल्ला परत घेतला. जळालेले आरमार काही परत आले नाही.

दत्तमूर्तीकडे पाहताना हे मनात येते. तीन मुखे, देह एक. ब्रह्मा, विष्णू, महेश यांपैकी कुणाचेही मुख पुसले गेलेले नाही. घर सांधायचे म्हणजे सगळ्यांना एकसारखे करायचे असे नाही. प्रत्येकाचे तोंड वेगळ्या दिशेला असले तरी चालते.

तेव्हा यंदा पाळणा झाल्यावर गाऱ्हाणे घालाल तेव्हा मागण्यांच्या यादीत एवढे एक घाला. घरात कुठे तुटले असेल तर ते सांधायची बुद्धी दे, आणि त्यासाठी आपली साल आधी तासून घ्यायचा धीर दे. श्रीगुरुदेव दत्त!