आगपेटीचें मोल

गेल्या पावसाळ्यांत एका खेड्यांत मुक्काम असतां संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मंडळीची बैठक बरीच लांबली. पाऊस कोसळत होता, वीज गेली होती, व कोणासही घरीं जाण्याची घाई नव्हती. बोलतां बोलतां असा विषय निघाला कीं, मनुष्यानें शोधून काढिलेल्या वस्तूंपैकीं प्रत्येकास अधिक प्रिय कोणती? तरुणांनीं मोबाइलचें नांव घेतलें, शेतकरी बंधूंनीं विजेच्या पंपाचें, शाळेच्या बाईंनीं शिवणाच्या यंत्राचें. कोपऱ्यांत एक वृद्ध भगिनी बसली होती. तिला कोणीं विचारिलें नव्हतें, तरी ती म्हणाली, "काड्यांची पेटी." पोरें हंसलीं.

ती हंसली नाहीं. तिच्या लहानपणीं, म्हणजे १९३९ ते १९४५ च्या महायुद्धाच्या काळीं, त्यांच्या वस्तींत आगकाडी क्वचित् दिसे. चूल विझली कीं आई तिच्या हातीं शेणी देऊन तिला वाड्यावर पाठवी. पायरीखालीं शेणी ठेवावयाची व दूर मागें सरून उभें राहावयाचें. मग आंतून कोणी येऊन वरून निखारा टाकी. तो शेणीवर पडला तर बरें, चिखलांत पडला तर पुनः मागावयाचा, आणि दुसऱ्यांदा मागितल्यास शिव्या ठरलेल्या. "पाळकसाहेब," ती म्हणाली, "बानं बाजारातनं पेटी आणली, त्या दिसापासनं मी त्या पायरीला गेले न्हाई."

यंत्रांनीं व नव्या सोयींनीं माणसें बिघडलीं, असें आम्ही पाळक पुष्कळदां बोलतों. मीही बोललों आहें. शेजारीं विस्तव मागण्यांत जुन्या गांवाचा जिव्हाळा होता, असें लिहिणारे लेखकही मीं वाचले आहेत. ते बहुधा पायरीच्या वरच्या बाजूस राहत असावेत. त्या रात्रीं मात्र या लहानशा पेटीविषयीं जें मला ठाऊक होतें, तें सर्व सांगावें कीं नाहीं, असा मला प्रश्न पडला. कारण तिच्या आनंदांत मीठ कालवावें असें वाटेना. अखेर कांहीं सांगितलें, व राहिलेलें येथें लिहितों.

ही काडी फार जुनी नाहीं. तिच्या आधीं चकमक, गार व कापूस यांवर काम चाले. हवा दमट असली कीं ठिणगी धरत नसे. इंग्लंडांतील स्टॉक्टन गांवच्या जॉन वॉकर नांवाच्या औषधविक्यास १८२६ सालीं असें आढळलें कीं, काडीस लाविलेलें एक मिश्रण घांसतांच पेट घेतें. पुढल्या वर्षीं त्यानें अशा काड्या विकावयास आरंभ केला. आपल्या शोधाचा हक्क त्यानें नोंदविला नाहीं. १८३० नंतर इतरांनीं टोकाच्या मिश्रणांत पांढरा फॉस्फरस घातला. खताच्या पोत्यावर आपण स्फुरद हा शब्द वाचतों, त्याच मूलद्रव्याचें हें एक रूप होय. ही काडी भिंतीवर घांसा, जोड्याच्या तळव्यावर घांसा, कोठेंही पेटे, आणि ती फार स्वस्त पडे.

परंतु या पांढऱ्या फॉस्फरसाची वाफ कारखान्यांतील मजुरांच्या किडलेल्या दांतांतून जबड्यांत शिरे. प्रथम दाढ दुखे, मग गाल सुजे, मग हाड सडूं लागे, आणि त्यास अशी दुर्गंधि येई कीं घरच्या माणसांसही जवळ बसवत नसे. हाड कापून काढणें, एवढाच बहुधा उपाय असे. व्हिएन्नांतील वैद्यांनीं हा रोग १८४० नंतरच्या दशकांतच ओळखिला होता. त्याच दशकांत तांबडा फॉस्फरसही सांपडला. तो तसा विषारी नाहीं. तो पेटीच्या बाजूस लावून स्वीडन देशांत निर्धोक काडी होऊं लागली. आज आपल्या चुलीशेजारीं असते ती याच जातीची. तेव्हां रोग ठाऊक होता, उपायही ठाऊक होता. तरी विषारी काडी पुढें सुमारें साठ वर्षें निघत राहिली, कारण ती स्वस्त होती.

लंडनच्या पूर्व भागांत ब्रायंट आणि मे या कंपनीचा मोठा कारखाना होता. तिचे मूळ संस्थापक क्वेकर पंथाचे गृहस्थ होते. १८८८ सालीं तेथें मुख्यतः स्त्रिया व मुली काम करीत. उशीर झाला, दंड. आपसांत बोलल्या, दंड. काड्या खालीं पडल्या, दंड. जेवण कामाच्याच जागीं, म्हणून विष भाकरीबरोबर तोंडांत जाई. भागीदारांस मात्र शेंकडा वीस व त्याहूनही अधिक नफा मिळे. या गोष्टीस वाचा फोडली ती ॲनी बेझंट यांनीं. पुढें त्या हिंदुस्थानांत आल्या व १९१७ सालीं राष्ट्रीय सभेच्या अध्यक्ष झाल्या. परंतु त्या काळीं त्या धर्मविश्वास सोडून दिलेल्या बाई म्हणून प्रसिद्ध होत्या. जून १८८८ मधील आपल्या लेखांत त्यांनीं, कंपनीचे भाग घेतलेल्या खेड्यांतील पाळकांस उद्देशून लिहिलें कीं, आपल्या घरच्या मुलीकडे पाहा व या मुलींचा विचार करा. डोक्यावर पेट्या वाहून वाहून यांचे केंस झिजून गेले आहेत.

हा भाग वाचतांना मला अजूनही अस्वस्थ वाटतें. ते पाळक दुष्ट नव्हते. त्यांनीं कोणा मुलीवर हात उगारिला नव्हता. त्यांनीं आपली थोडी शिल्लक भरंवशाच्या जागीं ठेविली होती, आणि वर्षाअखेर येणारी रक्कम कोठून येते हें विचारिलें नव्हतें, इतकेंच. जें भक्तिमान लोकांनीं विचारावयाचें तें एका अविश्वासी बाईनें विचारिलें, हेंही आपण झांकून ठेवूं नये.

जुलैंत सुमारें १,४०० स्त्रियांनीं व मुलींनीं काम बंद केलें. थोड्याच दिवसांत दंड रद्द झाले व जेवणास निराळी जागा देण्याचें ठरलें. फॉस्फरस मात्र तसाच राहिला. मग १८९१ सालीं मुक्तिफौजेचे जनरल विल्यम बूथ यांनीं लंडनांत स्वतःचा कारखाना काढिला. तेथें तांबडा फॉस्फरस वापरीत व मजुरी जवळजवळ दुप्पट देत. काडी उत्तम होती. पण पेटीची किंमत बाजारांतील पेटीहून अधिक पडे, आणि घेणारे पुरेसे मिळेनात. दहा वर्षांनीं तो कारखाना बंद झाला. त्याच सुमारास मोठ्या कंपनीनें पांढरा फॉस्फरस सोडिला, म्हणून श्रम व्यर्थ गेले असें म्हणतां येत नाहीं. तथापि दुकानाच्या फळीपाशीं चांगली काडी हरली, हें खरें.

आतां, वस्तु विकत घेणारा तिच्या मागच्या अन्यायाचा भागीदार होतो काय? कोणी म्हणतात, पैसे दिले, वस्तु घेतली, संबंध सुटला. दुसरे म्हणतात, जगांत निर्मळ वस्तु एकही नाहीं, म्हणून सर्वच दोषी. मला दोन्हीं मतें सोयीचीं वाटतात. दोहोंनंतरही मनुष्य स्वस्थ झोंपतो. त्या वृद्ध भगिनीच्या बापानें पेटी आणिली, तीं आपल्या लेंकीस पायरीपासून सोडविण्यासाठीं. काडी कोणाच्या हातची हें विचारण्यास त्यास ना अक्षर होतें ना ओळख. त्यास मी दोष देणार नाहीं. ज्यास विचारतां येत होतें, आणि न विचारण्यानें ज्याच्या पदरांत नफा पडत होता, त्याची गोष्ट वेगळी. या दोघांच्या मध्यें आपण बहुतेक सर्व आहों, आणि जितकें आपणांस वाचतां येतें तितके आपण त्या बापापासून दूर व त्या पाळकांच्या जवळ सरकतों.

शिवाय, पांढरा फॉस्फरस ग्राहकांच्या दयेनें गेला नाहीं. १९०६ सालीं बर्न येथें कांहीं राष्ट्रांनीं करार केला, १९०८ सालीं इंग्लंडांत व १९१३ सालीं हिंदुस्थानांत कायदा झाला, तेव्हां तो गेला. स्वस्त विषारी काडी कोणासच घेतां येईनाशी झाली. पुढें आपल्याच देशांत काय झालें पाहा. तामिळनाडूंतील शिवकाशीच्या मुलखांत १९२० नंतर हा धंदा वाढला. मुलूख कोरडा, शेती बेभरंवशाची. या धंद्यानें पुष्कळांची चूल पेटली. पण काड्या चौकटींत बसविण्याच्या कामीं लहान मुलांचीं बोटेंही राबलीं. १९८६ च्या कायद्यानें चौदा वर्षांखालील मुलांस या धंद्यांत ठेवण्यास मनाई झाली, आणि शिवकाशीच्या मुलांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं असा निर्णय दिला कीं, मूल कामास ठेवणाऱ्या मालकानें प्रत्येक मुलामागें २०,००० रुपये भरावे.

१ डिसेंबर २०२१ पासून पेटी एका रुपयाऐवजीं दोन रुपयांस झाली. चौदा वर्षांतील ती पहिलीच वाढ होती. आमच्या दुकानीं त्या दिवसांत फार कुरकुर चाले. मोबाइलच्या महिन्याच्या रिचार्जास जो हात कधीं मागें सरला नाहीं, तो एका रुपयासाठीं घासाघीस करी. त्यांत माझाही हात होता.

हें ऐकून, ज्या तरुणानें मोबाइलचें नांव घेतलें होतें त्यानें विचारिलें, "मग याचं काय?" मीं सांगितलें कीं, यांतल्या बॅटरींत बहुधा कोबाल्ट नांवाचा धातु असतो, जगांतील अर्ध्याहून अधिक कोबाल्ट आफ्रिकेंतील कांगो देशांतून येतो, आणि तेथें कोल्वेझीच्या बाजूस हातानें खणणाऱ्यांत मुलेंही आढळलीं आहेत. तो कांहीं वेळ तें यंत्र उलटसुलट करून पाहत राहिला. "टाकून देऊ का?" टाकून दिल्यानें एकही मूल खड्ड्यांतून वर येणार नाहीं, असें मीं म्हटलें. याच यंत्रावरून त्याची आई मुंबईच्या लेंकीशीं बोलते, हें मला ठाऊक होतें. परंतु चालता मोबाइल असतां केवळ नवेपणासाठीं दुसरा घेऊं नये, इतकें तरी त्याच्या हातीं आहे, असें मीं सुचविलें. तो गप्प झाला. नाताळासाठीं नवा घ्यावा म्हणून त्यानें तालुक्याच्या दुकानीं विसार देऊन ठेविला होता, हें मला दुसऱ्या दिवशीं सकाळीं निघतांना कळलें.