वानवडीला जाण्याआधी

विघ्नहरा, ओझरला येणं या खेपेला जमलं नाही, म्हणून इथूनच बोलते, निमगाव सावाच्या आमच्या गोठ्यामागच्या ओट्यावरून. लाईट रात्रीची आहे. तात्या दारं धरायला जायच्या आधी घटकाभर पडलेत, रेडिओ उशाशी ठेवून. उसाच्या कडेनं जाताना तो मोठ्यानं लावायचा, म्हणजे वाघाला चाहूल लागते. आम्ही बिबट्याला वाघच म्हणतो, तुला माहीतच आहे.

परवा पुण्याला जायचंय, वानवडीला. एएफएमसीचं, सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं, मुलाखतीचं बोलावणं आलंय. साऱ्या देशातून मुलींसाठी 30 जागा. नीटचं तुझ्याकडे काही मागणं नाही. 180 प्रश्न होते, 720 गुण होते, उत्तरपत्रिका मशीननं तपासली. तुला मध्ये घालायला तिथं फटच नव्हती. पण मुलाखतीला 50 गुण आहेत आणि समोर माणसं बसणार आहेत. अभ्यासाखेरीज काय करतेस, असं विचारतात म्हणे. चौदा विद्या, चौसष्ट कला तुझ्याकडे. नीटचं तीन विषयांत भागतं. उरलेल्या सगळ्याचा हिशेब त्या एका प्रश्नात द्यायचाय.

पूर्वी सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेत गांधीविचारांचा वेगळा पेपर असायचा, असं आमच्या बाई सांगतात. आता तिथलाही प्रवेश नीटवरच. पुस्तक वाचून देता येईल असा पेपर मला बरा वाटला असता.

माझी मावसबहीण अमेरिकेत डॉक्टरकीचा अर्ज भरतेय. त्यात पंधरापर्यंत अनुभव लिहिता येतात, प्रत्येकाला 700 अक्षरं, मधल्या मोकळ्या जागाही धरून. त्यातले जास्तीत जास्त तीन सर्वांत मोलाचे म्हणून निवडायचे आणि त्यांच्यावर आणखी लिहायचं. तिनं फोनवर विचारलं, तू काय सांगणार? मी म्हटलं, खोडदच्या दुर्बिणीच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या शाळेचा प्रकल्प होता, 28 फेब्रुवारीला, त्याचं प्रमाणपत्र आहे. ती म्हणाली, ते सगळ्यांकडे असतं गं, दुसरं काही? मग मी कालवडीचं सांगितलं. ती ओरडलीच, "अगं, सोनं आहे हे!"

तेव्हापासून मला नीट झोप नाही, देवा.

तू पाहिलंयस, तरी सांगते, कारण सांगायचा सराव हवाय. मागच्या वर्षी पहिल्या वेताची गाय अडली. रात्रीचे दोन वाजलेले. जनावरांचे डॉक्टर दुसऱ्या गोठ्यावर होते, यायला दीड तास लागणार होता. त्यांनी फोनवर तात्यांना विचारलं, घरात बारीक हाताचं कोण आहे? आईनं माझ्याकडे पाहिलं. मी साबणानं कोपरापर्यंत हात धुतला, गोडं तेल लावलं. एक पाय आणि तोंड हाताला लागलं, दुसरा पाय गुडघ्यात मुडपून मागे राहिलेला. डॉक्टर फोनवरून सांगत होते: कळ आली की थांब, ओसरली की वासरू आत लोट, खूर तळहातात झाकून घे आणि मग पाय पुढे आण, उघडा खूर पिशवी फाडतो. कळ आली की माझं मनगट गाईच्या हाडात असं आवळलं जाई की बोटांतली जाणीव जायची. तिसऱ्या खेपेला पाय आला. मग तात्यांनी आणि काकांनी कळेबरोबर दोरी ओढली. पाडी होती. मेलेली होती. आईनं तिच्या नाकात काडी घातली, पाय धरून उलटी केली, पोत्यानं चोळली, काही झालं नाही. डॉक्टर आले, त्यांनी गाय तपासली आणि म्हणाले, खूर झाकलास ते बरं केलंस.

एवढंच.

आता क्लासमधले एक सर म्हणतात, पाडी मेली हे कशाला सांगतेस, गाय वाचवली म्हण. आणि बिबट्याच्या गावची आहेस तर बिबट्या घाल, माणिकडोहच्या निवारा केंद्रात सेवा केली म्हण, लक्षात राहशील. मी माणिकडोहला त्या केंद्रात एकदाही गेलेली नाही. वाघ मी आजवर एकदाच पाहिला, तोही बॅटरीच्या उजेडात दोन डोळे एवढाच.

खोटं बोलणार नाही, याची काळजी तू करू नकोस. मला ते जमतही नाही, कान लाल होतात. मला भीती खऱ्याची आहे. ते खरं मी इतक्यांदा मनात घोळवलंय की कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं बसलंय. काल आरशासमोर "मेलेली होती" म्हणताना मी थोडी थांबले, आणि ते थांबणं मला छान वाटलं. त्या पाडीच्या नावानं मी 50 पैकी गुण मागायला निघालेय का रे? आईनं अशी किती वेतं काढली असतील. तिला कुणी विचारलं तर म्हणेल, काही नाही, घरीच असते.

व्यास सांगत होते आणि तू लिहीत होतास, तेव्हा त्यांची अट होती म्हणे, की अर्थ कळल्याशिवाय अक्षर उमटवायचं नाही. मलाही तेवढंच दे. जे मला कळलं ते तोंडून येऊ दे. मला कळलं ते असं: हात घालायच्या आधी मला किळस आली होती आणि मी "आई, तूच घाल ना" म्हटलं होतं. ते विचारलं नाही तरी सांगायचं का, हे मात्र मला ठरवता येत नाही. समोरच्यांपैकी एखाद्यानं कधी अडलेली गाय पाहिलेली असू दे. तो नेमकं विचारेल, आणि मला घोळवलेलं काही म्हणता येणार नाही. आणि कुणी बिबट्याचंच विचारलं, तर दोन डोळ्यांवर मला थांबव.

आणखी एक, आणि हे मुलाखतीचं नाही. तीच गाय पुन्हा गाभण आहे. नववा सरत आलाय, कास उतरलीय, डॉक्टरांनी दिलेली तारीख परवाच्याच आसपास पडते. मी वानवडीला असेन, फोन बाहेर ठेवायला लावतील. आईचा हात भरलाय आता, मनगट आत जात नाही. काकांच्या धाकटीला मी आज गोठ्यात नेऊन खूर कसा झाकायचा ते दाखवलं, तिच्या मुठीवर माझा तळहात ठेवून. ती सातवीत आहे, हसत होती. तिला त्या रात्री हाक मारावी लागू नये. लागलीच, तर तिच्या हाताशी राहा. वानवडीला मी एकटी जाईन.

लाईट आली वाटतं. तात्यांना उठवते.