मुलतानी मातीपाशी दहा मिनिटं

हे मनन हाताला माती लावून करायचं आहे. डोळे मिटण्याआधी एक काचेची वाटी घ्या, मुलतानी मातीचे दोन खडे घ्या, तांब्याभर साधं पाणी घ्या. पुडीतली पूडही चालेल. पण काष्ठौषधींच्या दुकानात खडे मिळाले तर तेच आणा. पुडीत सुगंध, रंग आणि आणखी काय काय मिसळलेलं असू शकतं. शिवाय पूड उधळते, आणि श्वासाकडे लक्ष द्यायला बसलेल्या माणसाने मातीची धूळ नाकात ओढू नये.

खडा तळहातावर ठेवा. फिकट पिवळसर, जरा दाबला की बोटांना पिठूळ लागणारा. नाव मुलतानचं, म्हणजे आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातल्या शहराचं. पण अशी माती राजस्थानातही निघते, बाडमेर, जैसलमेर, बिकानेरकडे. तिथे आज वाळवंट आहे. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी त्या भागात उथळ समुद्र होता, आणि बाडमेरकडच्या या मातीच्या थरांत समुद्री जिवांचे जीवाश्म सापडतात. तळहातावर वाळवंटातला खडा आहे आणि तो समुद्राच्या तळाशी बसलेला गाळ आहे. या दोन गोष्टी मनात शेजारीशेजारी राहू द्या. घाई नाही.

आता खडा वाटीत ठेवा, तो बुडेल इतकं पाणी ओता आणि हात मागे घ्या. ढवळू नका. बघत राहा, कान द्या. बारीक बुडबुडे येतील, अगदी हलकी चुरचुर ऐकू येईल, मग कडा ढासळू लागतील. कोणी दाबत नाही, कुटत नाही, तरी खडा आपला आपण मोकळा होतो. खरं तर या मननातला सगळ्यात सुंदर भाग हाच, आणि चमच्याने भराभर कालवणारी माणसं नेमका हाच चुकवतात.

आत काय चाललं आहे? या मातीतलं मुख्य खनिज बहुधा मॉन्टमोरिलोनाइट असतं, किंवा त्याच्या गोतातलं दुसरं. त्याची रचना चिरोट्यासारखी, पापुद्र्यावर पापुद्रा. एकेक पापुद्रा जेमतेम १ नॅनोमीटर जाड, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पापुद्र्यांवर सौम्य ऋण भार असतो आणि मधल्या फटींत सोडियम, कॅल्शियम यांचे धन आयन त्यांना धरून ठेवतात. पाणी या फटींत शिरतं आणि पापुद्रे एकमेकांपासून सरकतात. शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटच्या एका ग्रॅममधले सगळे पापुद्रे सुटे झाले, तर त्यांचं क्षेत्रफळ ७०० चौरस मीटरांवर जातं. साडेसात हजार चौरस फूट! पुण्या-मुंबईकडच्या वाचकाच्या मनात लगेच भाव येईल. येऊ द्या, जाऊ द्या, पुन्हा वाटीकडे या. त्वचेवरचं तेल आणि मळ ही माती धरते ते या अफाट पृष्ठभागामुळे. तिचा गुण एवढाच आहे: ती घेते. मात्र तेल घेताना ती पाणीही घेते, हे लक्षात असू द्या.

लगदा मऊ झाला की त्यात लिंबू पिळण्याचा मोह होईल. पिळू नका. त्वचेचा सामू ५ च्या आसपास, लिंबाचा २ च्या आसपास. वर लिंबू लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर चट्टे उठू शकतात. साधं पाणी पुरे, हवं तर गुलाबपाणी. कोपराच्या आतल्या बाजूला आदल्या दिवशी थोडी माती लावून पाहिली असेल आणि तिथे खाज-लाली नसेल, तरच पुढे जा.

चेहरा ओला करा. बोटांनी पातळ थर लावा, डोळ्यांभोवतीची जागा आणि ओठ सोडून. आता डोळे मिटा.

पहिल्यांदा गारवा जाणवेल. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, त्याचा तो गारवा. गांधीजींचा मातीच्या पट्ट्यांवर फार विश्वास होता. अॅडॉल्फ जुस्ट या जर्मन निसर्गोपचारकाचं पुस्तक वाचून त्यांना ही गोडी लागली, आणि १९४६ मध्ये त्यांनी उरुळीकांचनला निसर्गोपचाराचं केंद्र सुरू केलं. त्यांचे सगळे दावे स्वीकारले पाहिजेत असं नाही. गारवा मात्र खरा आहे. तो कपाळावर कुठे जास्त आहे, गालावर कुठे कमी, एवढंच न्याहाळा.

थोड्या वेळाने चेहरा ओढल्यासारखा वाटेल. बोलावंसं वाटलं तरी बोलू नका. जाहिराती या ओढीला त्वचा घट्ट होणं म्हणतात. प्रत्यक्षात वाळणारी माती आकसते आहे, आणि धुतली की ही ओढही जाईल. ‘शरीरातलं विष बाहेर काढते’ हेही सोडून द्या. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, चेहऱ्यावर काही नसतानाही.

आता डोळे उघडून आरशात पाहा. सावळी असो, गोरी असो, निमगोरी असो, या क्षणी प्रत्येकीचा आणि प्रत्येकाचा चेहरा मातीच्याच रंगाचा आहे. माती ज्या थरावर बसली आहे तो मृत पेशींचा, १५-२० मायक्रॉन जाडीचा, केसाहूनही बारीक. रंग देणारं मेलॅनिन त्याच्या खाली, जिवंत थराच्या तळाशी तयार होतं. माती तिथवर पोचत नाही. धुतल्यावर चेहरा उजळ वाटेल, कारण तेल आणि मळ गेलेला असेल. रंग होता तोच राहील. तरीही चेहऱ्याला काही लावताना ‘थोडी तरी उजळेल’ असं कोणीतरी म्हटलेलं बहुतेकांना आठवतं. आजी, मावशी, स्थळ घेऊन आलेले पाहुणे. तो आवाज कोणाचा होता ते आठवा. त्याला उत्तर देत बसू नका, भांडू नका, फक्त ओळखा. इथे हवा तेवढा वेळ थांबा, चेहऱ्यावरची माती परवानगी देईल तोवर.

ती परवानगी आठ-दहा मिनिटांची असते. वैशाखातलं काळं रान डोळ्यांपुढे आणा. दख्खनच्या बेसाल्टपासून झालेल्या आपल्या काळ्या मातीत याच गोतातली खनिजं आहेत; म्हणून ती पावसात फुगते, चपलांना चिकटते आणि उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते. चेहऱ्यावर तशा भेगा पडेपर्यंत बसायचं नाही. तोवर माती तेल घेऊन थांबलेली नसते, त्वचेचं पाणीही घेऊ लागलेली असते. कडा फिक्या झाल्या आणि मधला भाग अजून ओलसर आहे, हीच उठायची वेळ.

कोमट पाणी लावून माती आधी भिजू द्या, मग न घासता धुवा. चेहरा ओलसर असतानाच नेहमीचं मॉइश्चरायझर लावा. तेलकट त्वचेला आठवड्यातून एकदा पुरतं. कोरड्या त्वचेला क्वचितच, आणि इसब किंवा चिघळलेले मुरूम असतील तर नाहीच. तिथे त्वचारोगतज्ज्ञ हवा. उरलेला लगदा उद्यासाठी ठेवू नका, ओल्या मातीत जंतू वाढतात. आणि बेसिनमध्येही ओतू नका, नळी तुंबते. साधं पाणी घालून कालवलेला असेल तर कुंडीत टाका.