१६ कोटी न्यूटन

२ आणि ८ मायक्रोकूलोमचे दोन धन प्रभार, मध्ये ३० सेंटीमीटर अंतर. बल काढा. तू किती काढलंस? १६ कोटी न्यूटन. वर उत्तराला चौकट! खाली दोन रेघा! वा, शाबास.

अरे, लिहिताना हात अडखळला नाही तुझा? १६ कोटी न्यूटन म्हणजे सोळा हजार टनांचा भार. एवढ्याएवढ्या गोळ्यांमध्ये? खरं उत्तर १.६ न्यूटन. क्रिकेटचा लेदर बॉल तळहातावर ठेव, जेवढा भार लागेल तेवढं. आठ शून्यं कुठून उपटलीस?

"सर, सिली मिस्टेक." ठरलेलं पालुपद. मायक्रोचा उणे सहावा घात गिळलास, सेंटीमीटरचे मीटर केले नाहीस, आणि नाव काय दिलंस तर सिली. एकदा झाली तर चूक म्हणेन. दर पेपरात होते तिला आळस म्हणतात. ९ × १०⁹ झोपेतसुद्धा म्हणून दाखवशील. त्याचा अर्थ कधी विचारलास स्वतःला? एकेक कूलोमचे दोन प्रभार मीटरभर अंतरावर ठेवले, तर ९०० कोटी न्यूटन बल. कूलोम हे एकक इतकं अवाढव्य आहे, म्हणून गणितात मायक्रो येतो. परीक्षकाला हौस आहे म्हणून नाही.

पुढचा प्रश्न. अंतर निम्मं केलं तर? तू लिहिलंस, बल दुप्पट. सूत्रात r च्या डोक्यावर २ बसलाय, तो काय शोभेला? कूलोम फ्रेंच लष्करातला इंजिनिअर. मार्टिनिक बेटावर किल्ला बांधता बांधता तब्येतीची वाट लागलेली. त्याने १७८५ साली काय केलं ते नीट बघ. चांदीच्या केसासारख्या तारेला आडवी काडी टांगली. काडीच्या टोकाला भेंडाची गोळी, शेजारी तशीच दुसरी. दोन्हींना सारखा प्रभार दिला. गोळी ३६ अंश दूर सरली. मग वरून तारेला पीळ देत तिला परत जवळ रेटली. १८ अंशांवर आणायला एकूण पीळ लागला १४४ अंश. साडेआठवर आणायला ५७५.५. आता ३६, १४४, ५७५.५ हे आकडे ओळीने मांड आणि मला सांग, दुप्पट कुठे दिसते? अंतर निम्म्यावर आलं की चौपट, पुन्हा जवळपास निम्म्यावर आलं की पुन्हा चौपट. त्या बिचाऱ्याकडे कॅल्क्युलेटर नव्हता. तुझ्या खिशातल्या फोनमध्ये आहे.

आणि हे काय? "८ चा प्रभार २ च्या प्रभारावर जास्त बल लावतो." न्यूटनचा तिसरा नियम नववीत शिकलास, तो नववीतच ठेवून आलास का? सूत्रात दोन्ही प्रभारांचा गुणाकार आहे. याच्यावर जेवढं, त्याच्यावर तेवढंच, फक्त दिशा उलट.

तू ढ असतास तर मी एवढा घसा फोडला नसता. डोक्यावरून फिरवलेल्या कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात, पण कागद तर उदासीन, मग आकर्षण आलं कुठून, हे भर वर्गात विचारलं कोणी? तूच. बाकीचे वहीत मान घालून बसले होते. उत्तरही तुझंच. कागदातले प्रभार किंचित सरकतात, विरुद्ध प्रभार कंगव्याकडे येतो, सारखा मागे जातो, आणि जवळचं आकर्षण लांबच्या प्रतिकर्षणाला भारी पडतं. पावसाळ्यात हा खेळ का फसतो, तेही तू हवेतल्या ओलाव्यावरून सांगितलंस. अंतराचा खेळ ज्याला इतका कळतो, त्याने पेपरात दुप्पट लिहावं? आणि मी ते सिली म्हणून सोडून द्यावं?

आता शेवटचं. याच दोन प्रभारांना जोडणाऱ्या रेषेवर तिसरा प्रभार कुठे ठेवला म्हणजे त्याच्यावरचं बल शून्य होईल? तू ठोकून दिलंस, मधोमध. मधोमध ठेवलास तर ८ वाला त्याला २ वाल्याच्या चौपट रेटेल, तो तिथे थांबेल कसा? जागा २ वाल्यापासून १० सेंटीमीटरवर आहे. का, ते मला उद्या पहिल्या तासाला फळ्यापाशी उभा राहून तोंडी सांगायचं. वही बाकावर ठेवून यायचं. आणि "सर, काल लाईट गेली होती" हे मला ऐकवायचं नाही.