उज्र आणि बहाणा

२०२३ साली ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली होती. विसर्जनाच्या मिरवणुकांना अडचण नको म्हणून राज्यात बऱ्याच ठिकाणी आपल्या लोकांनी ईदचा जुलूस पुढे ढकलला. त्याच आठवड्यात आमच्या मोहल्ल्यातल्या तरुणांनी शाळेच्या हॉलमध्ये रक्तदान शिबिर ठेवले. त्याचे पत्रक उर्दूत आणि मराठीत लिहून देण्याचे काम आमच्याकडे आले. रक्ताची एक पिशवी म्हणजे कुणाचा तरी जीव, असे आम्ही त्यात मोठ्या झोकात लिहिले. साहजिकच शिबिराच्या दिवशी पोरांनी आम्हाला पहिल्या पाच जणांत नेऊन बसवले.

नर्सने आमचे बोट टोचले आणि रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडला. थेंब बुडाला तर रक्त चालते, तरंगला तर हिमोग्लोबिन कमी. आमचा थेंब तरंगत राहिला. "मॅडम, तुमचं रक्त आज घेता येणार नाही. डॉक्टरांना दाखवून लोहाच्या गोळ्या घ्या आणि तीन महिन्यांनी या." आम्ही चेहऱ्यावर जमेल तेवढे दुःख आणले आणि उठलो.

आत मात्र आनंद झाला होता. पेपर पुढे ढकलला गेल्यावर अभ्यास न केलेल्या मुलाला होतो ना, तसा आनंद. हे कबूल केल्याशिवाय या विषयावर लिहिण्यात अर्थ नाही. दिवसभर लोक म्हणत राहिले, "आप तो आए थे, अल्लाह नियत देखता है." आणि आमची नियत काय होती, हे फक्त आम्हाला आणि त्यालाच ठाऊक होते.

सुईची भीती आम्हाला लहानपणापासून आहे. सरकारी दवाखान्यात काचेची सिरिंज उकळत्या पाण्यातून चिमट्याने बाहेर निघायची, तो आवाज अजून कानात आहे. बी.एड.ला असताना रक्त तपासायला गेलो आणि तिथेच भोवळ येऊन पडलो. घरात तेव्हापासून ठरूनच गेले, हिला सुई दाखवायची नाही.

या भीतीची किंमत आम्हाला २०१६ साली कळली. आमच्या बाजीचे बाळंतपण होते. रक्तस्राव थांबेना. रुग्णालयाने सांगितले, दोन पिशव्या देतो, पण बदल्यात दोन माणसे रक्त द्यायला हवीत. सन २००२च्या राष्ट्रीय रक्त धोरणात ही बदलीची पद्धत हळूहळू बंद करण्याचे म्हटले आहे. पण ऐन वेळी धोरण कोण दाखवतो? बाजीचा गट बी पॉझिटिव्ह, आमचाही तोच. सगळ्यांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही काही बोलण्याआधीच अम्मी म्हणाल्या, "रहने दो, उसको चक्कर आते." आम्ही मान खाली घातली. दुल्हाभाई गेले, आणि त्यांच्याबरोबर बाजारात त्यांच्या शेजारी गाडी लावणारे एक भाजीवाले काका गेले.

खरी गोष्ट पुढेच आहे. त्या दोघांचे रक्त बाजीला चढलेच नाही. घेतलेल्या रक्ताची आधी एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया अशी तपासणी होते, मगच ते वापरतात. बाजीला चढल्या त्या आधीपासून शीतपेटीत ठेवलेल्या दोन पिशव्या. त्यांच्यावर क्रमांक होता, गट होता, तारीख होती, नाव नव्हते. कुणीतरी कुठल्यातरी शिबिरात, बाजीचे नावही माहीत नसताना, हात पुढे केला होता. त्या माणसाला सुईची भीती वाटत होती की नव्हती, कोण जाणे! बाजी वाचली. तिचा मुलगा आता शाळेत जातो.

त्यानंतर दोन वर्षांनी, २७ नोव्हेंबर २०१८ला राज्यात गोवर-रुबेलाच्या लसीची मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या प्रत्येक मुलाला लस द्यायची होती. मोबाईलवर नाना अफवा फिरत होत्या, मुले पुढे वांझ होतील इथपर्यंत. आम्ही घरोघरी जाऊन पालकांना समजावले. वर्गात सांगितले, मुंगी चावल्यासारखे वाटते, बस्स. पाचवीतल्या एका मुलीने विचारले, "टीचर, आप भी सुई से डरते क्या?" आम्ही म्हणालो, "बिल्कुल नहीं." आणि तिला सुई टोचली जात असताना आम्ही भिंतीवरचा नकाशा बघत उभे होतो.

या सगळ्या गोष्टी त्या तरंगत्या थेंबाच्या रात्री आठवल्या. प्रश्न असा पडला, की आम्ही काही गुन्हा केला का? नियमच सांगतो की हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली असेल तर रक्त घेऊ नये. वजन पंचेचाळीस किलोंच्या खाली, वय अठराच्या आत, अंगावर पिणारे मूल, नुकतेच आलेले आजारपण, ही सगळी खरी कारणे आहेत. आपल्या बायकांच्या वाट्याला तर ती जास्तच येतात. यालाच आपल्याकडे उज्र म्हणतात. शरीअतने उज्र मानला आहे. आजारी माणसाला आणि मुसाफिराला रोजा सोडण्याची सवलत आहे, आणि ती सवलत म्हणजे मेहरबानी आहे, लाज नव्हे.

पण त्या सवलतीला एक शेपूट आहे, ते आपण विसरतो. बरे झाल्यावर, घरी पोचल्यावर राहिलेले रोजे पूर्ण करायचे असतात. उज्र काम पुढे ढकलतो, माफ करत नाही. बहाणा काम संपवून टाकतो. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात, कारणही तेच असू शकते. आमचे हिमोग्लोबिन खरोखरच कमी होते. गोळ्या घेऊन परत गेलो असतो तर तो उज्र ठरला असता आणि पुन्हा त्या हॉलकडे फिरकलो नसतो तर बहाणा. म्हणजे त्या दिवशी जो आनंद झाला तो गुन्हा नव्हता. भीती आणि सुटका मनात येतात, त्या आपल्या हाती नसतात. त्यानंतर आपण काय करतो, ते मात्र आपल्या हाती असते.

मोहल्ल्यात बहाणे कमी नाहीत. कुणी म्हणते, रक्त नापाक, ते दुसऱ्याच्या अंगात कसे घालायचे? बहुसंख्य उलेमांनी जीव वाचवण्याच्या गरजेपोटी ते जायज मानले आहे. विकणे मात्र मना केले आहे. आपल्या देशातही पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत होती. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८पासून ती बंद झाली. कुणी म्हणते, अशक्तपणा येतो. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते, घेतात साडेतीनशे किंवा साडेचारशे मिलिलिटर. त्यातले पाणी एक-दोन दिवसांत भरून निघते, लाल पेशी काही आठवड्यांत. तरीही नियम पुरुषाला तीन महिने आणि बाईला चार महिने थांबायला लावतो. या बहाण्यांना उत्तर आहे, ते देता येते. अवघड असतो तो आमच्यासारख्यांचा बहाणा, कारण तो खरोखर शरीरातून येतो.

म्हणून आम्ही या भीतीबद्दल वाचले. कळले ते असे. साप दिसला की छाती धडधडते, रक्तदाब वाढतो. रक्ताची आणि सुईची भीती याच्या उलट वागते. आधी रक्तदाब वाढतो आणि मग एकाएकी खाली येतो, मेंदूला रक्त कमी पडते, माणूस पडतो. ही सवय घराण्यांतून चालत येते. म्हणजे पडणारा माणूस भित्रा किंवा कमजोर ईमानाचा नसतो. स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात यावर एक साधा उपाय मांडला. हात, पाय, पोट दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम वाटू लागला की सोडायचे, अर्ध्या मिनिटाने पुन्हा आवळायचे. त्याने रक्तदाब टिकून राहतो. सुई असलेला हात तेवढा सैल ठेवायचा. रक्त देण्याआधी अर्धा लिटर पाणी प्यायले तरी फायदा होतो.

फेब्रुवारी २०२४मध्ये, रमजानच्या आधी, आम्ही नगरच्या एका रक्तपेढीत गेलो. (कागदावर आता शहराचे नाव अहिल्यानगर आहे, तोंडात मात्र अजून नगरच येते.) चार महिने गोळ्या, गूळ-शेंगदाणे, मेथी असे चालले होते. या वेळी थेंब बुडाला. आम्ही आधीच सांगून टाकले की आम्हाला भोवळ येते. तिथल्या मुलाने हसण्यावारी नेले नाही. खुर्ची मागे झुकवली आणि पाय वर घेतले. रक्तदानाची सुई साध्या इंजेक्शनपेक्षा जाड असते, हे खोटे सांगण्यात अर्थ नाही. दुखले. आम्ही पाय आवळत होतो, सोडत होतो, दरूद पढत होतो. मध्येच डोळ्यांपुढे पिवळे झाले, मग निवळले. सात-आठ मिनिटांत संपले. चहा आणि बिस्किटे मिळाली. शौर्याचे काहीच वाटले नाही. इतकेच वाटले, की २०१६चा एक रोजा कजा होता, तो आज फेडला.

मे २०२४मध्ये वर्तमानपत्रात एक बातमी वाचली आणि या प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. इंदूरमध्ये एक बाई अत्यवस्थ होती. तिचा गट 'बॉम्बे'. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दुर्मीळ गट शोधला, म्हणून त्याचे हे नाव. साध्या तपासणीत तो ओ गटासारखा दिसतो, पण अशा माणसाला ओ गटाचे रक्त चालत नाही, फक्त बॉम्बे गटाचेच चालते. आपल्या देशात असा माणूस साधारण दहा हजारांत एक. आपल्याच जिल्ह्यातल्या शिर्डीचा एक व्यापारी त्या गटाचा होता. तो गाडीने सुमारे ४४० किलोमीटर गेला आणि रक्त देऊन आला.

त्या माणसाला लपायला जागा नव्हती. त्याने 'नाही' म्हटले असते तर ते 'नाही' स्पष्ट दिसले असते. आम्ही बी पॉझिटिव्हवाले गर्दीतले. आमच्या 'नाही'ने कुणी मेले असे कधी सिद्ध होत नाही. दुसरा कुणीतरी देतोच, एखादे भाजीवाले काका उठतातच. इथे आम्हाला फर्ज-ए-किफाया आठवतो. जनाज्याची नमाज मोहल्ल्यातल्या काहींनी पढली तर सगळे सुटतात, कुणीच पढली नाही तर सगळे गुन्हेगार. आम्ही मुफ्ती नाही, रक्तदान फर्ज आहे असा फतवा देण्याची आमची लायकी नाही. कुणाच्या शरीरावर कुणी जबरदस्ती करू नये, हेही आम्ही मानतो. पण जनाज्याला निघालेल्या चार माणसांकडे पाहून "जाताहेत ना ते" असे रोज रोज म्हणणाऱ्याने एकदा स्वतःला विचारावे, की माझा खांदा खरोखर दुखतो आहे का? दुखत असेल तर त्याला उज्र आहे. त्याने शिबिरात नावे लिहावीत, चहा द्यावा, भोवळ आलेल्याचे पाय वर धरावेत; तेही कामच आहे.

ती पाचवीतली मुलगी आता बारावीला आहे. परवा बाजारात भेटली. आम्ही तिला थांबवून म्हणालो, "उस दिन हमने झूठ बोला था. हम डरते हैं. अब भी." ती हसली. म्हणाली, "मालूम था, टीचर. आप नक्शा देख रहे थे." मग तिने विचारले की अठरा पूर्ण झाल्यावर कुठे जायचे असते. आम्ही पत्ता सांगितला, आणि जाण्याआधी पाणी भरपूर पी, असेही सांगितले.