मेंदूचा रोगी आणि मनाचा रोगी

आजाऱ्याच्या घरी समाचाराला जाण्याचीही एक रीत असते आणि ती आजारागणिक बदलते. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाकडे शेजारीपाजारी फळे घेऊन जातात, उशाशी घटकाभर बसतात. त्याच गल्लीतल्या एखाद्या तरुणाला भास होऊ लागले, आपल्यावर कोणी पाळत ठेवीत आहे असे तो म्हणू लागला, की तेच पाय त्या दारापाशी अडखळतात. रायपूरच्या समता कॉलोनीत राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींनी हे पुष्कळदा पाहिले आहे. वसाहतीच्या नावाचा या बाबतीत काही उपयोग झालेला नाही. पहिल्या घरी लोक ‘काय झाले?’ असे विचारतात. दुसऱ्या घराविषयी ‘कोणाचे चुकले?’ असे विचारतात, आणि तेही पाठीमागे.

सामान्य माणसाचे हे वागणे एक वेळ समजू शकते. परंतु वैद्यकाच्या शिक्षणानेही हाच भेद जपावा, याचे आम्हांस नवल वाटते. आपल्याकडे पदवीच्या अभ्यासात न्यूरॉलॉजी आणि सायकिअॅट्री या दोहोंनाही स्वतंत्र लेखी परीक्षेचा मान नाही. दोन्ही सामान्य वैद्यकाच्या पदराखाली नांदतात. पुढे मात्र वाटा फुटतात. मज्जासंस्थेचा तज्ज्ञ सामान्य वैद्यकाची किंवा बालरोगांची पदव्युत्तर पदवी घेऊन मग तिकडे वळतो. मनोविकारांचा तज्ज्ञ आरंभापासूनच वेगळ्या वाटेने जातो. एक गुडघ्यावर हातोडी मारून पाहण्यात तरबेज होतो, दुसरा ऐकून घेण्यात. रायपुरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०१२ पासून एम्समध्येही डॉक्टर घडू लागले आहेत. तेव्हा हा प्रश्न दूरदेशीचा आहे असे म्हणून आपणांस सुटता येणार नाही.

ही फाळणी सनातन नव्हे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात नववा अध्याय उन्मादाचा आणि दहावा अपस्माराचा आहे. वेड आणि फेफरे यांना त्या ग्रंथाने शेजारी बसविले. युरोपातही, ज्याच्या नावाने आज विस्मृतीचा रोग ओळखला जातो, तो अल्झायमर मनोविकारांचाच वैद्य होता. मेंदूतील विद्युत्प्रवाहाचा आलेख काढणारा हान्स बर्गर हाही मनोविकारतज्ज्ञच. उलट फ्रॉइडने आरंभी मज्जातंतूंचा अभ्यास केला होता. पुढे एक विचित्र गोष्ट घडत गेली. ज्या वेडाचे कारण मेंदूत सापडे, ते वेड या खात्यातून त्या खात्यात जाई. उपदंशाने मेंदू पोखरून येणाऱ्या वेडाने एके काळी वेड्यांची इस्पितळे भरलेली असत. १९१३ साली नोगुची आणि मूर यांनी अशा रोग्यांच्या मेंदूत त्या रोगाचे जंतू दाखविले आणि ते वेड ‘खरा आजार’ ठरले. मेंदूत दोष सापडला की माणूस निर्दोष! ज्याचा दोष सापडत नाही, त्याच्या माथी मात्र तो राहतोच.

कायद्यानेही हाच धडा गिरविला. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वेडाचे वा अपस्माराचे वारंवार येणारे झटके एकाच ओळीत विवाहाला बाधक ठरविले. १९९९ साली त्यातून अपस्मार वगळला गेला. ते योग्यच झाले. पण मागे कोण राहिले तेही पाहावे.

या विभागणीने प्रत्यक्ष हानी कशी होते, याचे एक उदाहरण २००७ साली जगापुढे आले. दाल्माऊ या वैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या एका दाहाचे वर्णन केले. त्यात बहुधा तरुण मुली सापडतात. आरंभी त्या असंबद्ध बोलतात, भितात, कोणी आपला घात करील असे म्हणतात. झटके आणि बेशुद्धी मागाहून येतात. शरीराची संरक्षक यंत्रणाच मेंदूवर उलटलेली असते, आणि वेळीच ओळखले तर यातील पुष्कळ मुली बऱ्या होतात. अशी मुलगी प्रथम ज्याच्यापुढे येईल त्याला एकच शास्त्र ठाऊक असेल, तर गेलेले दिवस तिला कोण परत देणार?

बंगळूरने यावर एक उत्तर शोधले. तेथील जुने मनोरुग्णालय आणि १९५४ ची अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांचे १९७४ साली निम्हान्समध्ये एकीकरण झाले, आणि त्या संस्थेचे पहिले संचालक डॉ. आर. एम. वर्मा हे मेंदूचे शल्यवैद्य होते. दोन्ही शास्त्रे तेथे एका आवारात शिकविली जातात.

तथापि एकीकरणाचा अर्थ ‘सारे काही मेंदूच’ असा कोणी करू लागला, तर आमचा त्याला विरोध आहे. ‘देवराई’ (२००४) आणि ‘अस्तु’ (२०१३) हे दोन्ही चित्रपट सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचेच. एकात स्किझोफ्रेनियाने वेढलेला तरुण, दुसऱ्यात स्मृती हरवलेला संस्कृतचा पंडित. आणि त्या पंडिताची भूमिका करणारे मोहन आगाशे हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. या दोन माणसांपैकी मेंदूचा रोगी कोण आणि मनाचा कोण, हे प्रेक्षकाला ठरवावेसेच वाटत नाही. दोघांच्याही घरच्यांची ओढाताण त्याला सारखीच भिडते. यंत्रातले चित्र हे सांगू शकत नाही.

काही रोग्यांना झटके येतात, पण बर्गरच्या त्या आलेखात झटक्याच्या वेळीही अपस्माराची खूण उमटत नाही. एक तज्ज्ञ म्हणतो, हे आमच्याकडचे नाही. दुसरा म्हणतो, आधी मेंदू नीट तपासून आणा. मधल्या काळात घरचे ‘नाटक करते’ असा निकाल देऊन मोकळे होतात. ती बाई नाटक करीत नसते. तिचे शरीर खरोखरच तिच्या हाताबाहेर गेलेले असते, आणि तिला दोन्ही वैद्य एकाच वेळी हवे असतात. आमच्या मते संयुक्त शिक्षणाची खरी गरज या बाईला आहे, पाठ्यपुस्तकांना नव्हे.

नवा अभ्यासक्रम २०१९ पासून विषयांची सांगड घालण्याचे बोलतो. चांगले आहे. पण एकाच खाटेशी दोन्ही गुरू एकत्र उभे राहावेत, हे वेळापत्रकात बसविणे कठीण. दोघांच्याही दारांशी रांगा आहेत. म्हणून आमची मागणी लहान आहे. जे परीक्षेत येत नाही ते विद्यार्थी शिकत नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. तोंडी परीक्षेत त्याच्यापुढे अर्धांगवायूचा रोगी ठेवावा. पक्षाघातानंतर अनेकांना खोल औदासीन्य येते. विद्यार्थ्याने त्याचा तळपाय खरवडून पाहावा, आणि मग खुर्ची ओढून, जगावेसे वाटते का, हेही विचारावे. दुसऱ्या प्रश्नाला किती गुण ठेवावयाचे, ते परीक्षकांनी ठरवावे.