घराआधी शेजार

मूल अडीच वर्षांचे झाले की मध्यमवर्गीय घरात शाळेची चर्चा सुरू होते. आपल्या घरांत ती शाळेवर थांबत नाही. आधी वस्ती ठरवावी लागते, आणि वस्ती ठरवायची म्हटली की गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास दिवाणखान्यात येऊन बसतो. इतरांसाठी जो पाण्याचा, लोकलचा आणि हप्त्याचा प्रश्न असतो, तो आपल्यासाठी नीतीचा प्रश्न होऊन बसतो. मुलाला आपल्यांत वाढवावे की सगळ्यांत? आणि जे मूल अजून धड बोलतही नाही, त्याच्या वतीने हे ठरवताना आपण नेमके कोणाचे हित पाहत असतो, त्याचे की आपले?

ठाण्याहून कल्याणकडे जाणारी धीमी गाडी घ्या. कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. अर्ध्या तासाच्या आसपासचा प्रवास, पण कोण कुठे उतरणार हे डब्यातले लोक एकमेकांकडे पाहून बहुधा बरोबर ओळखतात. मुंब्र्याला उतरणारा आणि डोंबिवलीला उतरणारा एकाच कचेरीत काम करत असेल, एकाच दांडीला लोंबकळत आला असेल. त्यांची मुले मात्र एकमेकांना कधी भेटत नाहीत.

हे असे नेहमीच होते, असे म्हणणे खरे नाही आणि कधीच नव्हते असेही नाही. जुन्या कल्याणात दूधनाका आणि पारनाका एकमेकांपासून काही पावलांवर आहेत. एकीकडे कोकणी मुसलमानांची घरे, दुसरीकडे ब्राह्मणांचे वाडे. ठाण्यात महागिरीला मशीद आहे आणि लगत कोळीवाडा आहे. मोहल्ले होतेच, पण त्यांच्या गल्ल्या त्याच बाजारात उघडत. माणसे आपापल्यांत झोपत आणि सगळ्यांत जगत. मुंब्रा-कौशाची गोष्ट वेगळी आहे. कौशाला आपल्या लोकांची जुनी वस्ती होती हे खरे. पण डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, आणि त्यानंतर जी कुटुंबे पारसिकच्या डोंगराखाली येऊन राहिली ती हवा पाहून आली नव्हती. रात्री झोप लागेल अशी जागा त्यांना हवी होती. मी या दोहोंत फरक करतो. मोहल्ला म्हणजे राहण्याची एक रीत, तर घेट्टो म्हणजे इतरत्र मिळालेल्या नकारांची बेरीज. मुंब्र्याला ‘स्वतःहून वेगळे राहणारे’ म्हणून हिणवणाऱ्यांनी ही बेरीज एकदा तरी करून पाहावी.

आता नकाराविषयी. माझी भाची आणि तिचा नवरा दोघेही नोकरी करतात. मुलीला पुढच्या वर्षी नर्सरीत घालायचे म्हणून गेले काही महिने ती घर शोधते आहे. फोनवर ब्रोकर उत्साहाने बोलतो. कार्पेट किती, लिफ्ट किती, पार्किंग कुठे. मग तो नाव विचारतो. मग म्हणतो, मॅडम, मालकाशी बोलून सांगतो. ते सांगणे कधी येत नाही. भाची याला हसते. मला ते हसणे जड जाते.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम २३ सांगते की पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. २००५ साली मात्र सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा अधिकार मान्य केला. पण माझ्या मते कायद्याचा प्रश्न इथे फार उशिरा येतो. नकार अर्जावर येतच नाही, तो फोनवरच्या शांततेत येतो आणि शांततेविरुद्ध अपील करता येत नाही. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात घर न मिळण्याची ही तक्रार नोंदवून ठेवली आहे. वीस वर्षे होत आली.

तेव्हा ‘निवड’ हा शब्द आपण जपून वापरायला हवा. थॉमस शेलिंग नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ साली बुद्धिबळाच्या पटासारख्या पटावर दोन प्रकारची नाणी मांडून दाखवले होते की, आपल्या आसपास आपल्यासारखे थोडेफार शेजारी असावेत एवढीच प्रत्येकाची माफक इच्छा असली, तरी नाणी हलता हलता पट दुभंगतो. कोणीही द्वेष करत नाही आणि तरी वस्त्या तुटतात. कल्पना बिनतोड आहे. पण शेलिंगच्या पटावर ब्रोकर नाही, दंगल नाही, आणि एका रंगाच्या नाण्याला ‘मालकाशी बोलून सांगतो’ असे कोणी म्हणत नाही.

हे सगळे धरूनही निवडीला थोडी जागा उरते. शिकलेल्या, पगारदार जोडप्याला ती निश्चित उरते. दहा ठिकाणी नकार मिळाला तरी अकराव्या ठिकाणी घर मिळते, ठाण्याच्या घोडबंदर रोडवर मिळते, कल्याण पश्चिमेला मिळते, डोंबिवलीतही मिळते. मग प्रश्न उरतो तो असा: घ्यावे का?

भाचीच्या सासूबाई म्हणतात, कौशातच घ्या. पोरीला अजान ऐकू येईल, ईदला जिन्यात गर्दी असेल, डब्यात काय आहे हे कोणी वाकून बघणार नाही. यात जुनाटपणा काही नाही. आपण कोण आहोत याचा खुलासा न करता वाढता येणे ही बालपणाची मोठी चैन आहे, आणि बहुसंख्याकांच्या मुलांना ती फुकट मिळते म्हणून तिची किंमत त्यांना कळत नाही. माझा मेहुणा, म्हणजे भाचीचे वडील, उलट टोकाचे. त्यांचे म्हणणे, डोंबिवलीत घ्या. पोरगी फडके रोडवरची दिवाळी पाहील, वाचनालयात जाईल, आणि शेजाऱ्यांनाही कळेल की मुसलमान कसा असतो.

हे शेवटचे वाक्य मला खटकले. शेजाऱ्यांना मुसलमान कळावा म्हणून तीन वर्षांच्या मुलीने डोंबिवलीत राहायचे?

हा वाद आपल्याआधी इतरांनी घातला आहे. १९५७ साली अमेरिकेतल्या लिटल रॉक शहरात नऊ कृष्णवर्णीय मुले गोऱ्यांच्या हायस्कूलमध्ये दाखल झाली. पहिल्या दिवशी पंधरा वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड एकटीच पोहोचली आणि ओरडणाऱ्या जमावातून चालत गेली. ते छायाचित्र जगभर गेले. हॅना आरेंट या विदुषीने १९५९ मध्ये लेख लिहून आई-बापांनाच धारेवर धरले. जो लढा मोठ्यांना जिंकता आला नाही तो मुलांच्या खांद्यावर का देता, असा तिचा सवाल होता. स्वतः ज्यू असून, नाझी जर्मनीतून निसटून आलेली ही बाई बोलत होती, हे विसरू नये. तिला राल्फ एलिसन या कृष्णवर्णीय कादंबरीकाराने उत्तर दिले. त्याचा आशय असा की, त्या आई-बापांना जमाव नवा नव्हता. आयुष्यभर ज्याच्याशी गाठ पडणार आहे त्याच्यासमोर ताठ उभे राहायला ते मुलांना शिकवत होते. आरेंटने पुढे एलिसनला पत्र लिहून, ही बाजू आपल्या ध्यानात आली नव्हती, हे मान्य केले.

मला दोघांचेही पटते, आणि दोघे एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीत असेही वाटते. मुलाला जगासाठी तयार करणे वेगळे आणि मुलाला जगासमोर नमुना म्हणून ठेवणे वेगळे. डोंबिवलीत घर घ्यायचे तर शाळा जवळ आहे, वाचनालय आहे, ठाण्याची गाडी आहे म्हणून घ्यावे. ‘चांगला मुसलमान’ दाखवण्याचे काम मुलीच्या दप्तरात घालू नये. तसे घातले की ती वर्गात भांडूसुद्धा शकत नाही. इतर मुले दंगा करतात तेव्हा ती मुले असतात, हिने केला तर ती समाज होते. पण उलट बाजूही आहे. आपल्या भीतीपायी मुलीला आयुष्यात प्रथमच वेगळ्या नावाची माणसे कॉलेजात दिसणार असतील, तर आपण तिची चैन विकत घेतो आणि हप्ते तिने फेडायचे असतात.

आता ज्या मुद्द्याबद्दल आपल्यांत सहसा बोलले जात नाही त्याकडे येतो. जे मुंब्रा सोडतात ते मागे काय सोडून जातात?

आल्बर्ट हर्शमन याने १९७० च्या आपल्या पुस्तकात शाळेचेच उदाहरण घेतले होते. सरकारी शाळा घसरू लागली की सर्वांत आधी कोण बाहेर पडते? ज्याला दर्जा कळतो तो पालक. म्हणजे जो मुख्याध्यापकांना जाब विचारू शकला असता, नेमका तोच. उरतात ते ज्यांना विचारता येत नाही, आणि शाळा आणखी घसरते. मुंब्रा, राबोडी, दूधनाका, कुठेही पाहा, डॉक्टर, वकील, प्राध्यापक झालेला मुलगा प्रथम घर बदलतो. देशातल्या सुमारे पंधरा लाख वस्त्यांचा अर्थशास्त्रज्ञांनी केलेला एक अभ्यास २०२३ मध्ये पुढे आला. मुस्लिमबहुल वस्तीत सरकारी माध्यमिक शाळा असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच कमी असते, आणि अशा वस्तीत वाढणारी मुले शिक्षणात मागे राहतात, असे त्यातून दिसले.

ज्याच्याकडे पैसा आहे त्याला वस्तीची शाळा चुकवता येते, त्याच्या दारात स्कूलबस येते. गरिबाचे तसे नाही. शिक्षणहक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के राखीव जागांसाठी घरापासून शाळेचे अंतर मोजले जाते, आधी एक किलोमीटर, मग तीन. त्यातही २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही. म्हणजे आपल्याच समाजाच्या संस्थेने वस्तीत चांगली शाळा काढली, तरी शेजारच्या रिक्षावाल्याच्या मुलाला त्या कायद्याने तिथे जागा मागता येत नाही. अल्पसंख्याकांचा हक्क म्हणून आपण हा निकाल मिरवतो, त्याची ही बाजू आपल्या सभांत कोणी मांडलेली मी ऐकली नाही.

मग सोडून जाणे गुन्हा आहे का? मी तसे म्हणणार नाही. आपले मूल हे समाजाचे कर्ज फेडण्याचे नाणे नाही. दुसऱ्याच्या लेकराच्या भल्यासाठी स्वतःच्या लेकराला वाईट शाळेत बसवा, असे मी कोणाला सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याची मुले कोणत्या शाळेत आहेत हे मी आधी विचारीन. पण कर्ज असतेच, आणि ते आई-बापांच्या नावावर असते. ज्या गल्लीने आपल्याला १९९३ साली छप्पर दिले, तिथल्या महापालिकेच्या उर्दू शाळेत गणिताला शिक्षक आहे की नाही, हे पाहायला शनिवारी जाता येते. आणि जे मुंब्र्यात राहतात पण मुलाला बसने ठाण्याच्या शाळेत धाडतात आणि ‘आम्ही समाज सोडला नाही’ म्हणतात, त्यांचा खातेउतारा मला याहून फारसा वेगळा दिसत नाही.

एक गैरसमज वाटेतच बाजूला करतो. मुंब्र्यात घेऊ नका, सगळे अनधिकृत, असे म्हणतात. शिळफाट्याला ४ एप्रिल २०१३ रोजी बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ७४ माणसे गेली, तेव्हापासून ही भीती योग्यच आहे. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने ज्या ६५ अनधिकृत इमारती पाडायला सांगितले त्या कल्याण-डोंबिवलीतल्या होत्या. कागद सगळीकडेच पाहावेत.

घराआधी शेजारी पाहा, अशी अरबी म्हण आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असे. कोणता शेजारी? सूरह निसाच्या छत्तिसाव्या आयतीत जवळच्या शेजाऱ्याबरोबर परक्या शेजाऱ्याशीही भले वागण्याचा हुकूम आहे. अब्दुल्लाह बिन अम्र यांच्या घरी बकरी कापली गेली तेव्हा, आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा पाठवला का, असे त्यांनी पुन्हा विचारले, ही हदीस आपण मशिदीत ऐकतो. पण हा प्रश्न विचारायला यहुदी शेजारी असावा लागतो. कौशाच्या सात मजली इमारतीत तो नाही. आणि जिथे तो आहे तिथे वाटा पाठवणेच अवघड झाले आहे. जून २०२३ मध्ये मीरा रोडच्या एका सोसायटीत बकरा आणण्यावरून पोलीस बोलवावे लागले. शीरखुर्मा अजून चालतो, एवढा दिलासा.

भाषेचे दुःख मी शेवटी ठेवले, कारण ते या अंकाच्या वाचकांचे खास दुःख आहे. आपण घरात कोकणी-मराठी बोलणारी माणसे. १९९० साली सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा आपल्याला वाटले, पुढची पिढी ही वाट रुंद करील. कौशाच्या रस्त्यावर मूल हिंदुस्तानी शिकते, शाळेत इंग्रजी. मराठी २०२० च्या कायद्याने प्रत्येक शाळेत सक्तीची झाली आहे, पण तासापुरती शिकलेल्या भाषेत कोणी रुसत नाही, खोड्या काढत नाही. ती भाषा इमारतीखालच्या खेळात यावी लागते. म्हणून माझा स्वतःचा कल कल्याणच्या जुन्या वस्तीच्या कडेला आहे, जिथून दूधनाकाही जवळ आणि पारनाकाही. भाचीला मी हे सांगितले. तिने ऐकून घेतले.

“मामू,” ती म्हणाली, “ब्रोकर नेहमी दुपारी बाराला घर दाखवतो. तेव्हा खाली कोणीच नसतं. मुलं सहाला उतरतात.” येत्या रविवारी ती आणि जावई मुलीला घेऊन आधी कल्याणला आणि त्याच्या पुढच्या रविवारी डोंबिवलीला जाणार आहेत, संध्याकाळी सहा वाजता, ब्रोकरला न कळवता.